आत्या, हे खरं आहे का?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोकांनी एका बाईला अडवलं. भंगार वेचणारी बाई. खांद्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या शिवून केलेली मोठी झोळी. जिन्याखाली कुणीतरी टाकलेले पुठ्ठे ती काढत होती आणि तिथेच जवळ तिसऱ्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी सायकल फिरवत होती. घडलं होतं ते एवढंच.

मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा घेऊन उभी होते. आधी वॉचमन आणि एक गृहस्थ दिसले. मग चार जण झाले, मग दहाएक. "पिशवी उघड." "आधार कार्ड आहे का?" "गेटातून आत आलीसच कशी?" सगळे माझ्या रोजच्या ओळखीचे. त्यातल्या एकाने लॉकडाऊनमध्ये महिनाभर माझी बीपीची औषधं आणून दारात ठेवली होती. एक जण गणपतीत दहा दिवस राबतो. नवीन येणारा प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोड्या वरच्या आवाजात बोलत होता. उशिरा आलेल्याला आपल्या येण्याचं कारण दाखवावं लागतं, म्हणून असेल. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. बाई काय बोलत होती ते वर ऐकू येत नव्हतं, पण ती दोन्ही हात जोडून उभी होती.

वॉचमनची बायको खोलीतून बाहेर आली. तिच्या हातात स्टीलचा तांब्या होता. ती गर्दीतून सरळ आत गेली आणि म्हणाली, "मावशी, पाणी घ्या." बस्स. बाई झोळी खाली ठेवून उकिडवी बसली आणि पाणी प्यायला लागली. पाणी पिणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही हे मी त्या दिवशी पाहिलं. शूटिंग करणाऱ्याने मोबाइल खिशात टाकला. कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, पुन्हा येऊ नको म्हणावं." दोन मिनिटांत पार्किंग मोकळं झालं.

माझा चहा गार झाला होता. मी खाली गेले नव्हते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना पुढे येऊन बोला म्हणून शिकवणारी मी, गॅलरीच्या कठड्याला धरून उभी होते.

त्या दिवसापासून २०१८ चा जून महिना डोक्यातून जात नाही. तो आजवर कुणाला सांगितला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

त्या महिन्यात माझ्या फोनवर एक मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे, भिकारी, साधू, साड्या विकणाऱ्या बायका अशा वेशात फिरतात, मुलांच्या किडन्या काढून विकतात, हा मेसेज जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा. सोबत व्हिडिओ. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, त्यातला एक जण एका पोराला उचलतो आणि गाडी निघून जाते. माझा नातू तेव्हा अडीच वर्षांचा होता. व्हिडिओ संपायच्या आत माझ्या पोटात गोळा आला होता. मी तो चार ग्रुपवर पाठवला: सासरचा, निवृत्त शिक्षकांचा, सोसायटीचा आणि आमच्या माहेरचा.

माहेरच्या ग्रुपवर माझ्या भावाच्या मुलाने विचारलं, "आत्या, हे खरं आहे का? कुठली बातमी आहे ही?" तो तेव्हा सोलापूरला कॉलेजात शिकत होता.

मी लिहिलं, "खरंखोटं माहीत नाही बाळा. पण काळजी घेतलेली बरी. लेकराबाळांचा प्रश्न आहे." त्याखाली एकामागून एक हात जोडलेली चित्रं आली. अकरा. मी नंतर मोजली. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं एसटीतून उतरून बाजारात आली. भिक्षा मागत फिरणारी माणसं. पिंपळनेरला त्यांची पालं पडली होती. त्यांच्यातला एक जण बाजारात एका लहान मुलीशी बोलला, असं बातम्यांत आलं. तेवढ्यावरून ओरडा झाला. लोकांनी त्यांना मारायला सुरुवात केली, मग ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन कोंडलं. बाहेर गर्दी वाढत गेली, ती आत घुसली आणि पाचही जणांना त्या खोलीत जिवे मारलं. त्याचेही व्हिडिओ निघाले आणि मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज ज्या वाटेने आला त्याच वाटेने ते फिरले. पुढे वीसपेक्षा जास्त लोकांना अटक झाली. शेतावर जाणारी, बाजारहाट करणारी, घरी लेकरं असणारी माणसं.

मेलेल्यांतले बहुतेक सगळे मंगळवेढा तालुक्यातले होते. माझं माहेर मंगळवेढा तालुक्यात आहे.

ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते आमच्या वाड्याचं जोतं. सुगी झाली की डवरी यायचे. भगवे कपडे, गळ्यात माळा, खांद्याला झोळी आणि हातात डौर. डौराचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आम्ही पोरं धावत सुटायचो. ते जोत्याजवळ उभं राहून नाथांची गाणी म्हणायचे. आजी सुपात पसाभर ज्वारी घेऊन बाहेर यायची, काळ्या रानातली मालदांडी, आणि झोळीत ओतायची. मग ते आमच्या कपाळाला अंगारा लावायचे. मला ताप आला की आजी म्हणायची, "डवऱ्याचा अंगारा ठेवलाय बघ देव्हाऱ्यात." आमचं गाव दामाजीपंतांच्या मुलखातलं. भुकेल्यांसाठी बादशहाचं कोठार उघडणारा माणूस आम्हाला बालपणापासून तोंडपाठ. दारात आलेल्या झोळीला रिकामं पाठवायचं नाही हे कुणी शिकवलं नव्हतं, ते घरात होतंच.

पण आणखी एक गोष्ट घरात होती. जेवताना मी हट्ट केला की तीच आजी म्हणायची, "गपचिप गिळ, नाहीतर झोळीवाल्याला देईन. घालून नेईल झोळीत." आईही म्हणायची. पुढे मी माझ्या मुलाला म्हटलं. नातवालाही, २०१८ च्या त्याच उन्हाळ्यात, वरणभाताचा घास हातात धरून म्हटलं: "बघ हं, झोळीवाला बाबा येईल." तो घाबरून तोंड उघडायचा आणि आम्ही सगळे हसायचो.

म्हणून तो मेसेज मला नवा वाटलाच नाही. मोटारसायकल तेवढी नवीन होती, बाकी गोष्ट माझ्या ओळखीची. ज्याच्या हातचा अंगारा लावून घेतला तोच माणूस मूल नेतो, या दोन गोष्टी माझ्या मनात साठ वर्षं शेजारी शेजारी राहिल्या. त्यांचं कधी भांडण झालं नाही, कारण डवरी प्रत्यक्ष दारात उभा असायचा. त्याचा चेहरा दिसायचा, आजी त्याला गावचं नाव विचारायची, गेल्या साली आलेला म्हातारा का आला नाही म्हणून चौकशी करायची. नाशिकला फ्लॅटमध्ये येऊन मला तीस वर्षं झाली होती. इथे खाली गेटवर पाटी आहे, फेरीवाल्यांना प्रवेश नाही. चेहरे गेले आणि झोळीची भीती तेवढी माझ्याकडे शिल्लक राहिली.

त्या व्हिडिओचं खरं नंतर कळलं. तो पाकिस्तानातल्या कराचीत बनवलेला होता. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओत उचललेलं मूल मोटारसायकलवाले लगेच परत आणून सोडतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक उलगडून दाखवतात. कुणीतरी शेवटचा तो भाग कापून टाकला होता. लहान मुलांच्या प्रेतांचे जे फोटो किडन्यांच्या नावाखाली फिरले ते तर सीरियातल्या २०१३ च्या विषारी वायूच्या हल्ल्यातले होते. लोकांनी मुलं जपावीत म्हणून केलेली जाहिरात आणि युद्धात मेलेली लेकरं, यांच्या जोरावर इथे माणसं मारली गेली.

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर तेव्हा सगळे लिहीत होते, "अडाणी लोक, दुसरं काय." माझा जीव तुटला. मी अडाणी नाही. बीएड झालेली आहे. आणि साक्रीच्या त्या डोंगरपट्ट्यातल्या लोकांच्या फोनवर ते व्हिडिओ आभाळातून पडले नव्हते. शिकलेल्यांच्या, शहरातल्या, पक्क्या घरांत राहणाऱ्यांच्या फोनवरूनही ते पुढे जात होते. माझा मेसेज राईनपाड्याला पोचला असं मी म्हणत नाही. पोचला नसेल. पण अशा हजारो बोटांनी मिळून ती हवा तयार केली आणि त्यात माझं एक बोट होतं.

माझी सून मानसशास्त्र शिकलेली. बऱ्याच दिवसांनी एकदा स्वयंपाक करता करता मी तिला विचारलं, घरी लेकरं असलेली माणसं असं कसं करतात गं? तिने स्टॅनली मिलग्रॅमचे प्रयोग सांगितले. बीएडच्या पुस्तकात त्यांच्यावर एक परिच्छेद होता, परीक्षेपुरता वाचलेला. १९६१ साली अमेरिकेत येल विद्यापीठात त्यांनी पेपरात जाहिरात देऊन साधी माणसं बोलावली. शेजारच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की कळ दाबून त्याला विजेचा धक्का द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्टने वाढवत ४५० पर्यंत. धक्के खोटे होते आणि तो माणूस ठरवून ओरडत होता, पण कळ दाबणाऱ्याला ते सांगितलं नव्हतं. बाजूला उभा असलेला शास्त्रज्ञ शांतपणे म्हणायचा, पुढे चालू ठेवा. पहिल्या गाजलेल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या कळेपर्यंत गेले. या प्रयोगांवर पुढे पुष्कळ टीका झाली, धक्के खरे आहेत असं सगळ्यांनाच वाटत होतं का, असे प्रश्न निघाले, हेही सुनेने सांगितलं. एवढं मला पुस्तकामुळे अंधुक माहीत होतं. माहीत नव्हते ते पुढचे प्रयोग. मिलग्रॅमनी मांडणी बदलून बदलून तो बऱ्याच वेळा केला होता.

एका मांडणीत बोलावलेल्या माणसाला कळ दाबायचीच नव्हती. कळ दुसरा कुणी दाबणार, याने फक्त प्रश्नातले शब्द वाचायचे आणि काम पुढे सरकवायचं. त्या वेळी ४० पैकी ३७ जण शेवटपर्यंत बसून राहिले.

पोळी तव्यावर करपली. मी सुनेला म्हटलं, पुन्हा सांग. ३७.

माझं काम तेच होतं की. मी कुणाला हात लावला नाही. मी शब्द पुढे सरकवले. आणि त्या खोलीत निदान पांढऱ्या कोटातला नसला तरी कोटातला एक माणूस हुकूम देत होता. मला हुकूम देणारं कोण होतं? "जास्तीत जास्त लोकांना पाठवा" ही एक ओळ, आणि माझ्या मनातली काळजी. वाईटपणाने मी ते केलं असतं तर माझा हात कुठेतरी अडखळला असता, असं मला वाटतं. काळजीने केलं, म्हणून अडखळला नाही. राईनपाड्याच्या बाजारात जो पहिला ओरडला असेल त्याच्याही मनात एखादं लेकरूच असेल. त्याने त्या पाच जणांच्या मरणाचं ओझं पैशाइतकंही हलकं होत नाही. पण लोक "राक्षस" म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. मला त्या गर्दीतला पहिला टप्पा आतून माहीत आहे.

आणखी एका मांडणीत ते काम तिघांत वाटून दिलं होतं, कळ दाबायची ती बोलावलेल्या माणसाने. बाकीचे दोघे मिलग्रॅमचेच. एकाने १५० व्होल्टला अंग काढून घेतलं, दुसऱ्याने २१० ला. ते उठून बाजूला बसले. मग उरलेल्या खऱ्या माणसांपैकी किती जण शेवटपर्यंत गेले? ४० पैकी फक्त चार.

हे सून सांगत होती आणि मला तो प्रश्न दिसत होता: आत्या, हे खरं आहे का? आमच्या ग्रुपवर एक जण १५० व्होल्टला थांबला होता. मोठ्यांच्या ग्रुपवर, बातमी कुठली असं विचारायचं धाडस त्या पोराने केलं होतं. आणि त्याला परत कळेवर बसवणारी मी.

राईनपाड्याच्याच दिवशी, काही तासांनी, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मालेगावातही असंच झालं. तीच अफवा. तिथेही पाच जण, भिक्षा मागून फिरणारी माणसं, आणि त्यांच्यात दोन वर्षांचं एक मूल. मुलं पळवणारे म्हणून गर्दीने त्यांना घेरलं. पण तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं आणि दार लावलं. पोलीस आले. गर्दी हजारांत गेली होती, पोलिसांच्या गाडीचीही मोडतोड झाली. तरी पाचही जण जिवंत बाहेर निघाले. मालेगावातली माणसं राईनपाड्यापेक्षा वेगळ्या मातीची नव्हती. ते दार उघडून नंतर लावणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल याचा मी फार विचार करते. बाहेरचे सगळे त्याच्याच गल्लीतले. उद्या त्यांच्याशीच गाठ. घरात त्याचीही मुलं असणार.

राईनपाड्यानंतर बारा दिवसांनी कर्नाटकात बिदर जिल्ह्यात हैदराबादहून आलेल्या एका तरुणाला जमावाने मारलं. त्याच्या सोबतच्यांनी वाटेत शाळेतल्या मुलांना चॉकलेटं दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलैला झुंडबळींबद्दल निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात यासाठी पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपने त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. चांगलंच झालं. पण मी चारच ठिकाणी पाठवला होता.

पार्किंगमधल्या प्रकारानंतर तिसऱ्या दिवशी मी वॉचमनच्या खोलीवर गेले. तिला विचारलं, तुला भीती नाही का वाटली? एवढी सगळी मालक माणसं, तुझ्या नवऱ्याची नोकरी त्यांच्या हातात. ती जालन्याकडची. म्हणाली, "भेव वाटलं ना. पण तिचं तोंड सुकलं होतं हो काकू." आणि भांडी घासायला वळली.

त्या रात्री मी भाच्याला फोन केला. आता तो पुण्यात नोकरी करतो, त्याला एक मुलगी आहे. इतक्या वर्षांत आम्ही लग्नात, बारशाला, दिवाळीला भेटलो, पण हा विषय दोघांनीही काढला नव्हता. मी म्हटलं, "बाळा, तू २०१८ ला ग्रुपवर एक विचारलं होतंस, ते मुलं पळवायच्या मेसेजचं. मी तुला गप्प केलं. तुझं बरोबर होतं. हे मला तेव्हाच म्हणायला हवं होतं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे त्याची मुलगी रडत होती, कुणीतरी तिला घास भरवत होतं.

मग म्हणाला, "आत्या, माझं कुठलं बरोबर? तुम्ही तसं म्हणलात, मग मी पण पाठवला. कॉलेजच्या ग्रुपवर. दीडशे पोरं होती त्यात. एकाने विचारलं, खरं आहे का रे? मी सांगितलं, आमच्या आत्या शिक्षिका आहेत, त्यांनी पाठवलाय."